दुखणं खरं की मनाचं? एका प्रश्नाचा इतिहास



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस पाठदुखी आणि सांधेदुखीवर काय बोलणार? शंका रास्त आहे. औषध सांगायला आम्ही उभे नाही, ते डॉक्टरांचं काम. आम्हांला एका प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. ज्या माणसाचं अंग महिनोन्‌महिने दुखतं आणि तपासणीत मात्र काही सापडत नाही, त्याचं दुखणं खरं मानायचं का? आणि खरं मानायचं तर ते शरीराचं म्हणायचं की मनाचं?

हा प्रश्न कुठे विचारला जातो ते तुम्हांला ठाऊक आहे. एक्स-रे स्वच्छ असतो, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असतात. डॉक्टर चष्मा काढून म्हणतात, "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका." पेशंट घरी येतो. घरातले विचारतात, "काय म्हणाले?" तो सांगतो, "काही नाही म्हणाले." त्या दिवसापासून त्याच्या दुखण्याकडे बघण्याची घरच्यांची नजर बदलते. कण्हला की कुणी तरी कुणाकडे तरी बघतं. दुखण्याच्या जोडीला आता आणखी एक काम त्याच्या मागे लागतं, दुखतंय हे सिद्ध करण्याचं.

आपली मराठी भाषा या बाबतीत फार शहाणी आहे. डोकेदुखी, पाठदुखी, गुडघेदुखी आणि मनदुखी असे चार शब्द तिनं एकाच साच्यात पाडले. दुखणं म्हणजे वेदना, दुखणं म्हणजे आजारही. माणूस गेला की घरात दुखवटा असतो. पण याच भाषेत "मनाचे खेळ", "सोंग", "नाटकं" हेही शब्द आहेत आणि अंगदुखीच्या पेशंटला तेच जास्त ऐकायला मिळतात. ही दुसरी शब्दावली कशी बळकट होत गेली, ते पाहू.

सुरुवात देकार्तपासून करावी लागेल, कारण या विषयावरच्या कुठल्याही लेखात पहिला आरोपी तोच असतो. त्यानं मन आणि शरीर वेगळं केलं, आणि तिथून सगळं बिघडलं, असं म्हणण्याची पद्धत आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली फ्रेंचमध्ये निघालेल्या मानवदेहावरच्या ग्रंथात एक प्रसिद्ध चित्र आहे. एका मुलाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक धागा गेलेला आहे. दोरी ओढली की वरची घंटा वाजते, तसा पायाचा चटका मेंदूत पोचतो, ही कल्पना. पुढची तीनशे वर्षं वैद्यक हे चित्र मनात धरून चाललं. जेवढी इजा, तेवढी वेदना. घंटा वाजत असेल तर खाली कुणी तरी दोरी ओढत असलंच पाहिजे. आणि खाली कुणीच सापडलं नाही, तर घंटा वाजतेय असं सांगणारा माणूस खोटा.

पण देकार्तवर हा थोडा अन्याय आहे, आणि वर्गात आम्ही तो नेहमी बोलून दाखवायचो. १६४१च्या ‘चिंतनां’पैकी सहाव्या चिंतनात तोच सांगतो, की नावाडी नावेत बसावा तसा मी शरीरात बसलेलो नाही. नावेला भोक पडलं तर नावाडी ते डोळ्यांनी पाहतो. मला मात्र दुखतं. हा फरक फार मोलाचा आहे. आणि त्याचा पत्रव्यवहार वाचा. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं १६४३ साली त्याला सरळ विचारलं होतं, की आत्म्याला आकारमान नाही, स्पर्श नाही, तर तो शरीराला हलवतो कसा? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर देकार्तला कधीच देता आलं नाही. पण १६४५ साली तिला बारीक ताप आणि कोरडा खोकला लागला, तेव्हा त्यानं काय लिहिलं? अशा रेंगाळणाऱ्या तापाचं नेहमीचं कारण दुःख असतं, असं. तिचं घराणं राज्य गमावून परागंदा झालेलं होतं, हे त्याला माहीत होतं. म्हणजे सिद्धान्तात ज्यानं मन आणि शरीर वेगळं केलं, त्यानंच एका आजारी मैत्रिणीशी बोलताना ते एकत्र धरलं. पुढच्या लोकांनी चित्र घेतलं आणि पत्रं सोडून दिली.

आपल्याकडे काय होतं, हे विचारल्याशिवाय तुम्ही आम्हांला सोडणार नाही. चरकसंहितेत शरीर मनाला अनुसरतं आणि मन शरीराला, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. शारीर आणि मानस व्याधी दीर्घकाळ राहिल्या तर एकमेकींना चिकटतात, हेही तिथं आहे. बौद्ध परंपरेत, संयुत्तनिकायातल्या सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त येतो. शरीराची वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेवर मनानं केलेला शोक, तडफड हा दुसरा. ज्ञानी माणसाला पहिलाच लागतो, अज्ञानी माणसाला दोन्ही. दृष्टान्त सुंदर आहे, पण हल्ली तो ज्या पद्धतीनं वापरला जातो त्याची आम्हांला धास्ती वाटते. "दुसरा बाण तू स्वतःच मारून घेतोयस" असं दुखणाईताला सुनावण्यासाठी तो सांगितला जातो. मूळ सुत्तात पहिला बाण नाकारलेला नाही. ज्ञानी माणसालाही तो लागतो, हे तिथं आधी मान्य केलेलं आहे.

आता इतिहासाचा खरा गाभा. तो एकोणिसाव्या शतकात आहे, आणि आमच्या मते एका माणसाच्या चरित्रात तो सगळा सामावलेला आहे. सायलस वेअर मिचेल हे त्याचं नाव. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन इस्पितळात मज्जातंतूंना इजा झालेले सैनिक एकत्र ठेवले होते, तिथं मिचेल काम करत होता. १८६४ साली त्यानं दोन सहकाऱ्यांबरोबर बंदुकीच्या जखमांवर एक पुस्तक काढलं. गोळी लागून जखम भरून आली, तरी काही सैनिकांच्या हाता-पायात आग आग होत राहायची. त्या दुखण्याला पुढे ‘कॉझाल्जिया’ हे नाव पडलं. हे सैनिक हातावर सतत ओलं फडकं ठेवत. काही जण बुटात पाणी ओतून बसत. शेजारी कुणी वर्तमानपत्राची घडी उलगडली, फरशीवर कुणी पाऊल वाजवलं, तरी त्यांना सहन होत नसे.

मिचेलनं आणखी एक गोष्ट टिपली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं ती सर्वांत महत्त्वाची. या वेदनेनं माणसाचा स्वभाव बदलतो. हसरा माणूस चिडचिडा होतो, शूर शिपाई भित्रा होतो, झोप जाते, चेहरा ओढलेला दिसतो. आधी मन कमकुवत होतं म्हणून वेदना झाली, असं त्यानं म्हटलं नाही. वेदना आधी, मनाची पडझड नंतर, असा क्रम त्यानं लावला. कारण त्याच्यासमोर सैनिक होते आणि त्यांना गोळी लागलेली होती. त्यांच्या शौर्यावर शंका घेण्याचं कुणाला कारण नव्हतं.

युद्ध संपलं. मिचेल मोठा डॉक्टर झाला. आता त्याच्याकडे श्रीमंत घरातल्या स्त्रिया येऊ लागल्या. त्यांची पाठ दुखे, थकवा असे, झोप नसे, अन्न जात नसे. त्यांना गोळी लागलेली नव्हती. त्यांच्यासाठी मिचेलनं ‘विश्रांती-उपचार’ काढला. सहा-आठ आठवडे अंथरुणात पडून राहायचं, दूध आणि भरपूर अन्न खायचं, मालिश घ्यायचं, वाचायचं नाही, लिहायचं नाही, घरच्यांना भेटायचं नाही. काही जणींना त्याचा फायदा झाला, ते नाकारता येणार नाही. उपाशी, थकलेल्या बाईला अन्न आणि विश्रांती मिळाली तर तिला बरं वाटणारच. पण त्याच्या लिखाणातला सूर बदललेला आहे. सैनिकांविषयी लिहिताना त्याच्या शब्दांत आदर आहे. खाटेला खिळलेल्या स्त्रियांविषयी लिहिताना तो शिस्त लावण्याची भाषा बोलतो. १८८७ साली शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका बाळंतपणानंतरच्या उदासीनं खचून त्याच्याकडे गेली होती. घरसंसारात राहा, आणि पुन्हा कधी लेखणी हातात धरू नकोस, असा सल्ला घेऊन ती परतली. त्या अनुभवातून तिनं लिहिलेली ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ साली प्रसिद्ध झाली. आजही जगभर ती वर्गावर्गांत शिकवली जाते.

डॉक्टर तोच, हुशारीही तीच. इजा डोळ्यांना दिसत होती तेव्हा त्यानं वेदनेला कारण मानलं. इजा दिसेनाशी झाली तेव्हा त्यानं माणसाच्या स्वभावाला कारण मानलं.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये या प्रश्नात पैसा आला. रेल्वेचे अपघात होऊ लागले. काही प्रवासी अपघातातून चालत घरी जात, आणि काही दिवसांनी त्यांची पाठ धरे, हात-पाय दुखत, झोपेत गाडीचे आवाज येत, काम सुचेना. बाहेरून खरचटलेलंही नसे. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ साली यावर व्याख्यानं प्रसिद्ध केली. धक्क्यानं पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला न दिसणारी इजा होते, असं त्यांचं म्हणणं. लोकांत याला ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव मिळालं. मग प्रवासी कंपन्यांवर खटले भरू लागले, आणि कोर्टात हा प्रश्न आला, की ही इजा आहे की घबराट? १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी एरिक्सनना उत्तर देणारं पुस्तक लिहिलं. पेज हे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे डॉक्टर होते. कण्याला काही झालेलं नाही, जिवावरच्या प्रसंगाची भीती एवढ्या लक्षणांना पुरेशी आहे, असा त्यांचा सिद्धान्त. आज वाचताना पेज बऱ्याच अंशी बरोबर वाटतात. भीतीनं शरीर खरोखर बदलतं, हे त्यांनी ओळखलं होतं, आणि सगळे पेशंट लबाड आहेत असं ते म्हणालेले नाहीत. पण कोर्टाच्या भाषेत दोनच खण होते, इजा आणि ढोंग. "भीतीमुळे" हा शब्द पहिल्या खणात बसेना, म्हणून तो दुसऱ्यात पडला.

तारायंत्रावर काम करणाऱ्यांचं तसंच झालं. मोर्सची कळ दिवसभर दाबून दाबून तारबाबूंचा हात अडायचा, दुखायचा, बोटं ऐकेनाशी व्हायची. १९०८ साली ब्रिटनच्या कामगार भरपाई कायद्याखालच्या आजारांच्या यादीत हा विकार घालण्यात आला. साहजिकच तक्रारी वाढल्या, आणि सरकारनं समिती नेमली. १९११च्या तिच्या अहवालात दोन कारणं एकत्र सांगितली आहेत. एक, कामगाराची नाजूक मज्जाप्रकृती. दोन, त्याच त्या हालचालींचा पुन्हा पुन्हा येणारा शीण. आम्हांला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात खरं आणि खोटं दोन्ही शेजारी शेजारी बसलेलं आहे. काम आणि मन दोन्ही लागतात, हे खरं. पण मन म्हणजे त्या माणसाचा जन्मजात कच्चेपणा, हे कुठून आलं? साहेबाची करडी नजर, तारा वाढत जाणं, नोकरी जाण्याची धास्ती, हेही मनावरच काम करत होतं की! १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्यांचे हात दुखू लागले, तेव्हा हीच सगळी चर्चा पुन्हा झाली. तिथं तर त्या दुखण्याला चेष्टेनं ‘कांगारूचा पंजा’ म्हणू लागले. सत्तर वर्षांत यंत्र बदललं होतं, वाद तोच राहिला.

दुसरीकडे डॉक्टर स्नायूंत पुरावा शोधत होते. १९०४ साली विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवर व्याख्यान देताना ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द काढला. स्नायूंतल्या तंतूंना सूज येते, असा त्याचा अर्थ. शब्द रूढ झाला, सूज मात्र पुढच्या तपासण्यांत नीट सापडेना. मग काटा उलट्या बाजूला झुकला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या डॉक्टरांनी अशा सैनिकांना ‘मानसजन्य संधिवात’ असं लेबल लावलं. त्यावर लिहिणाऱ्यांत फिलिप हेंच होते. पुढे कॉर्टिसोनसाठी १९५०चं नोबेल पारितोषिक ज्यांना वाटून मिळालं, त्यांतले एक. गंमत अशी, की १९७६ साली ‘फायब्रोमायाल्जिया’ हा आजचा शब्द ज्यांनी दिला ते त्यांचेच चिरंजीव, तेही संधिवाततज्ज्ञ. मुलानं सुजेचा दावा सोडला आणि शब्दात फक्त वेदना ठेवली.

इथं फ्रॉइडविषयी एक वाक्य बोललं पाहिजे, कारण "सगळं मनाचं" या भूमिकेचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. १८९५ साली ब्रॉयरबरोबर लिहिलेल्या हिस्टेरियावरच्या पुस्तकात एलिझाबेथ फॉन आर. या टोपणनावाच्या तरुणीची हकीकत आहे. तिच्या मांड्या दुखायच्या, चालवत नसे. फ्रॉइडनं तिच्या दुखण्याचा संबंध आजारी वडिलांची शुश्रूषा आणि मनात दाबलेलं प्रेम यांच्याशी लावला. सगळ्यांना तेवढंच आठवतं. पण मुळाशी एक खरीखुरी स्नायूंची, संधिवाताच्या प्रकारची वेदना होती आणि मनाच्या व्यथेनं तिचा आसरा घेतला, असंही फ्रॉइडनंच लिहून ठेवलेलं आहे. पुन्हा तेच. मूळ ग्रंथकार दोन्ही धरतो, नंतरचे एक सोडतात.

दोरी आणि घंटेचं चित्र कधी मोडलं? एका दिवसात नाही. १९४४ साली इटलीत अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञानं गंभीर जखमी सैनिक पाहिले. त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश जण, विचारलं तरी, वेदनाशामक नको म्हणाले. त्यांच्यासाठी जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती. इजेचा आकार आणि वेदनेचा आकार जुळत नाही, याचा इतका उघड पुरावा आधी कुणी मांडला नव्हता. मग १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात ‘द्वार-नियंत्रणा’चा सिद्धान्त मांडला. मज्जारज्जूमध्येच एक दार आहे. शरीराकडून येणारा संदेश तिथं अडतो, कमी होतो किंवा वाढतो, आणि त्या दारावर वरून मेंदूचाही हात असतो. कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि बरं वाटतं. चोळण्याचा संदेश त्या दारात वेदनेच्या आड येतो, म्हणून. या सिद्धान्तातले बारकावे पुढे बदलले. पण भीती, लक्ष, आशा, उदासी या गोष्टी वेदना सुरू झाल्यावर तिच्यावर होणारी टीकाटिप्पणी नसून वेदना घडण्यातच त्यांचा हात आहे, हे त्यानंतर कुणाला मागे घेता आलं नाही.

त्याच काळात जॉन बोनिका नावाचा एक विलक्षण माणूस सिअ‍ॅटलला काम करत होता. जन्म इटलीतल्या एका छोट्या बेटावरचा. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी तो कुस्त्या मारायचा, तोंडावर मुखवटा घालून. त्या कुस्त्यांनी त्याचे सांधे कायमचे गेले, आणि वेदनेवरचं जगातलं पहिलं मोठं पाठ्यपुस्तक १९५३ साली लिहिणारा हा डॉक्टर स्वतः जन्मभर दुखणाईत राहिला. १९७३ साली त्यानं वेगवेगळ्या शाखांच्या लोकांना एकत्र बोलावलं, आणि त्यातून वेदना-अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. तिनं १९७९ साली वेदनेची व्याख्या ठरवली. वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव आहे, आणि तो प्रत्यक्ष इजेशी जोडलेला असलाच पाहिजे असं नाही, असा तिचा आशय. २०२० साली ही व्याख्या सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांत एक गोष्ट घातली गेली. माणूस आपल्याला दुखतं असं सांगतो, त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला याचं फार अप्रूप वाटतं. वेदना ही अशी गोष्ट आहे, की जिच्याबाबत साक्षीदार एकच असतो. त्याची साक्षच धरायची नाही म्हटलं, तर खटला चालणार कसा?

आता यंत्रणेविषयी थोडं, कारण "संबंध आहे" एवढं म्हणून भागत नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन म्हणतात. ती टिकली की मज्जासंस्था हळवी होते, साध्या दाबालाही दुखतं. झोप मोडते. १९७५ साली टोरांटोत हार्वे मोल्डोफ्स्की यांनी निरोगी लोकांची गाढ झोप आवाज करून मुद्दाम मोडली, पूर्ण जागं न करता. काही रात्रींत त्यांचं अंग दुखू लागलं, स्नायू दाबले की कळ येऊ लागली. म्हणजे दुखण्यानं झोप जाते, आणि झोप गेली की दुखणं येतं. उदासीचंही असंच. मेंदूतून खाली येऊन ते दार लोटणाऱ्या मार्गांवर सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं काम करतात, आणि नैराश्यावरची अनेक औषधं याच रसायनांवर चालतात. म्हणून ड्युलोक्सेटिन हे नैराश्याचं औषध अमेरिकेत २००८ साली फायब्रोमायाल्जियासाठीही मंजूर झालं. आपल्याकडे काय होतं? पेशंट गोळीचं नाव गुगलवर शोधतो, "नैराश्य" हा शब्द बघतो आणि गोळ्या बंद करतो. "डॉक्टर मला वेडा समजतात." त्याचं चुकतं असं आम्ही म्हणणार नाही. ही गोळी का देतोय, हे त्याला दोन मिनिटं कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि भीती. पाठ दुखेल म्हणून माणूस वाकणं सोडतो, मग चालणं, मग लग्नकार्याला जाणं. स्नायू दुबळे होतात, माणसं तुटतात, आणि मग खरंच वाकवत नाही. मानसशास्त्रज्ञ योहान फ्लायेन यांनी या चक्राचा फार बारकाईनं अभ्यास केला आहे. आमच्या पिढीत "आराम करा" हा सगळ्यांचा आवडता सल्ला होता. साध्या कंबरदुखीत अंथरूण धरू नये, हालचाल ठेवावी, असं आता डॉक्टर सांगतात. मिचेलसाहेबांना हे आवडलं नसतं.

पण हे सगळं रसायन आणि स्नायू झाले. माणूस कुठल्या समाजात दुखतो, याचाही इतिहास आहे. आर्थर क्लाइनमन हे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ १९८० साली चीनच्या हुनान प्रांतात, चांगशा इथं गेले. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात ‘न्यूरॅस्थेनिया’ म्हणजे मज्जादौर्बल्याचे पेशंट गर्दी करत होते. डोकं दुखतं, अंग दुखतं, थकवा येतो, झोप नाही. क्लाइनमन यांनी अशा १०० जणांची नीट तपासणी केली. त्यांतले ८७ जण अमेरिकन निकषांनी तीव्र नैराश्याचे पेशंट ठरले. पण ते स्वतः उदासीची तक्रार घेऊन आलेलेच नव्हते. का? सांस्कृतिक क्रांतीला थोडीच वर्षं झाली होती. त्या काळात मन खचणं म्हणजे विचारसरणी चुकणं. उदास असणं राजकीयदृष्ट्या धोक्याचं होतं. डोकं दुखणं मात्र चालत होतं. कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाला खेड्यात धाडलेलं, कुणाला साहेबानं छळलेलं. बोलायला तोंड नव्हतं, तेव्हा पाठ बोलली. क्लाइनमन यांनी नैराश्याची औषधं दिली. लक्षणं बऱ्याच जणांची कमी झाली. पण कामावर परतणं, पूर्ववत जगणं तेवढं सुधारलं नाही. ज्यांच्या घरची किंवा कामाची अडचण सुटली, त्यांच्यात खरा फरक दिसला.

म्हणून "ही वेदना म्हणजे खरं तर नैराश्यच" हे म्हणणंही आम्हांला पटत नाही. दुखणं हे नैराश्याचं सोंग नव्हतं. त्या माणसांचं डोकं खरंच दुखत होतं.

आता जवळचं उदाहरण घेऊ. गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून काम करते, आणि डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे अभ्यास जगभर वाचले जातात. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत कोकणी-मराठी बोलणाऱ्या बाया येतात. अंग दुखतं, थकवा आहे, झोप येत नाही, असं सांगतात. कारण विचारलं तर "टेन्शन" म्हणतात. हा शब्द इंग्रजीतून आला, पण आता तो पूर्ण आपला आहे. त्यात नवऱ्याची दारू असते, कर्ज असतं, मुलाची नोकरी असते. बाईला स्वतःला दुखण्याचा आणि टेन्शनचा संबंध माहीत असतो. तो डॉक्टरांनी तिला शिकवावा लागत नाही. कुणी ऐकून घेत नाही, एवढंच.

संगाथनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ सरकारी केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने घेऊन एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१०च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. निम्म्या ठिकाणी आरोग्य-समुपदेशक नेमले. हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. स्थानिक लोक, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेले. "तुम्हांला मानसिक आजार आहे" या वाक्यानं ते सुरुवात करत नसत. जी तक्रार घेऊन बाई आली, ती आधी पूर्ण ऐकायची. मग तिचं अंग, तिची झोप आणि तिची चिंता एकमेकींत कशा गुंतल्या आहेत हे तिच्याच भाषेत तिच्याशी बोलायचं. गरज पडली तर डॉक्टर औषध देत. तज्ज्ञ फक्त अवघड पेशंटसाठी. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा सरकारी केंद्रांत, जिथं समुपदेशक होते तिथले लोक बरे होण्याचं प्रमाण इतर केंद्रांपेक्षा स्पष्ट जास्त होतं. खासगी दवाखान्यांत तसा ठळक फरक दिसला नाही.

हा शेवटचा भाग आम्हांला फार बोलका वाटतो. खासगी दवाखान्यातला डॉक्टर बहुतेक वेळा घराचा असतो. तो सासू कोण, नवरा काय करतो हे जाणतो, पैसे घेतो म्हणून बसवून ऐकतोही. तिथं ऐकणारं माणूस बहुधा आधीच होतं, असा आमचा अंदाज. सरकारी केंद्रात बाहेर रांग उभी असते. त्या रांगेतल्या बाईला, समोर बसून वीस-पंचवीस मिनिटं तिच्या पाठीविषयी आणि घराविषयी एकाच संभाषणात विचारणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं असेल.

वेळ झाली आहे. गुडघेही आता कुरकुर करायला लागले आहेत, आणि त्यांचा एक्स-रे मात्र अजिबात स्वच्छ नाही. आम्ही इथं थांबतो. प्रश्न असतील तर बसून घेऊ.